शाळेच्या ग्राउंडपासून पहिल्या करारापर्यंत : बास्केटबॉलच्या वाटेवर नव्याने आलेल्यांसाठी

मूल सातवी-आठवीत आहे, शाळेच्या संघात निवड झाली आहे आणि घरात चर्चा सुरू आहे की यात पुढे काय? क्रिकेटबद्दल हाच प्रश्न शेजारच्या काकांना विचारला तरी तासभर उत्तर मिळतं. बास्केटबॉलबद्दल सांगणारा माणूस सहसा ग्राउंडवरच भेटतो, आणि तोही शिट्टी वाजवण्यात गुंतलेला असतो. तेव्हा पालकांनी आणि खेळाडूंनी कोणत्या वयात काय करायचं, ते इथे क्रमाने मांडतो.

सुरुवातीलाच शेवट पाहून घेऊ. आपल्याकडे या खेळावर पोट भरायच्या तीन वाटा आहेत. पहिली खेळाडूंच्या कोट्यातल्या नोकरीची : रेल्वे, सेनादलं, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, पोलीस. दुसरी देशातल्या लीगची. तिसरी परदेशाची, शिष्यवृत्तीने किंवा कराराने. बहुतेकांचं आयुष्य पहिल्या वाटेवर उभं राहतं आणि त्यात कमीपणा काही नाही. भारतीय संघातले कितीतरी खेळाडू अशाच नोकऱ्यांमधून आलेले आहेत. टीव्हीवर अमेरिकेची एनबीए लीग पाहणाऱ्या मुलाला तिसरी वाट तेवढी दिसते. पहिल्या दोन पालकांना माहीत हव्यात.

आधी ग्राउंड शोधा

चकचकीत अकादमीच्या जाहिरातीला भुलण्याआधी घराजवळचं असं ग्राउंड शोधा, जिथे संध्याकाळी मोठी मुलं खेळतात. मुंबईचं नागपाडा हे याचं उत्तम उदाहरण. दाटीवाटीच्या त्या वस्तीत नागपाडा नेबरहूड हाऊस आणि मस्तान वायएमसीए यांच्या कोर्टांवर पिढ्या तयार झाल्या. भारताचे कर्णधार राहिलेले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसिर तिथलेच. प्रशिक्षक बच्चू खान यांचं नाव तिथल्या पालिकेच्या मैदानाला दिलेलं आहे. सोयींच्या बाबतीत नागपाडा कधीच श्रीमंत नव्हतं, पण लहान पोरांना रोज मोठ्यांशी भिडायला मिळत होतं. माटुंग्याचं इंडियन जिमखाना, पुण्याचं डेक्कन जिमखाना, नागपूरचं शिवाजी नगर जिमखाना अशा जुन्या ठिकाणीही ही साखळी आहे : सीनियर खेळतात, ज्युनियर कडेला बसून बघतात आणि एखादा सीनियर आला नाही की आत जातात.

ग्राउंड निवडताना तीन गोष्टी बघा. मुलांना रांगेत उभं करण्यात किती वेळ जातो आणि प्रत्यक्ष खेळण्यात किती. मुलींसाठी स्वतंत्र आणि सोयीची वेळ आहे का. आणि सर स्वतः पंच म्हणून उभे राहून ट्रॅव्हलिंग (चेंडू हातात धरून जास्त पावलं टाकणं), डबल ड्रिबल (टप्पे थांबवून पुन्हा सुरू करणं) पकडतात का. गल्लीत ढिलं खेळून आलेली पावलं सतराव्या वर्षी सुधारत नाहीत.

साहित्यात एकच गोष्ट कटाक्षाने पाळा, ती म्हणजे चेंडूचा आकार. पुरुषांचा ७ नंबरचा, महिलांचा ६ नंबरचा, लहान मुलांचा ५ नंबरचा. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात ७ नंबरचा चेंडू आणि डोक्यावर ३.०५ मीटरची रिंग दिली की तो दोन्ही हातांनी, कमरेतून झोका घेऊन चेंडू फेकतो. तो झोका मग मोडता मोडत नाही. मिनी बास्केटबॉलची रिंग २.६० मीटरवर असते ती याचसाठी. ग्राउंडवर तशी रिंग नसेल तर लहानांना बोर्डाजवळूनच शूट करू द्या, थ्री-पॉइंटच्या, म्हणजे तीन गुणांच्या लांबच्या रेषेकडे फिरकू देऊ नका.

उंचीचं भूत उतरवा

आपल्याकडे वर्गातला सर्वात उंच मुलगा शोधतात, त्याला रिंगखाली उभा करतात आणि ‘हात वर ठेव’ एवढंच शिकवतात. चौदा वर्षांखालच्या गटात तो राज्य गाजवतो. सतराव्या वर्षी बाकीच्यांनी त्याला गाठलेलं असतं, आणि याला धड ड्रिबल येत नसतं. मला विचाराल तर आपल्या शालेय बास्केटबॉलचं सर्वात मोठं नुकसान या एका सवयीने केलं आहे.

एनबीएचा खेळाडू, शिकागोचा अँथनी डेव्हिस शाळेत गार्ड होता, म्हणजे चेंडू घेऊन पुढे जाणारा. शाळेच्या वर्षांतच तो सुमारे ८ इंच वाढला. हातातलं गार्डचं कसब मात्र तसंच राहिलं आणि २०१२ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, त्याची निवड पहिल्या क्रमांकावर झाली. तुमचं मूल किती वाढेल ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणून सोळाव्या वर्षापर्यंत प्रत्येकाला सगळं यायला हवं : दोन्ही हातांनी ड्रिबल, डाव्या हाताचा ले-अप (धावत येऊन रिंगजवळून मारलेला शॉट), दोन्ही पायांवर पिव्होट (एक पाय रोवून वळणं), छातीतून आणि टप्प्याने पास, जवळून सरळ मनगटाचा शॉट. बारला लोंबकळून किंवा डब्यातली पावडर पाजून उंची वाढत नाही. झोप, दूध, डाळ, अंडी यांवर तोच पैसा घाला.

दोन शिड्या, दोन्हींवर पाय

नवीन पालकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पहिली शिडी शालेय स्पर्धांची. ती राज्याच्या क्रीडा खात्यामार्फत, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून चालते. १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट, मुलं-मुली वेगळे. शाळा आपला संघ उतरवते. जिल्हा किंवा महापालिका पातळी, मग विभाग (क्रीडा खात्याचे राज्यात ८ विभाग आहेत), मग राज्य. राज्य स्पर्धेतून महाराष्ट्राचा संघ निवडला जातो आणि तो राष्ट्रीय शालेय स्पर्धेला जातो. या शिडीवर चढायचं तर शाळेने प्रवेशिका वेळेत भरलेली असायला हवी. जून-जुलैत शाळेच्या पीटी सरांना जाऊन भेटा आणि नोंदणी झाली का ते विचारा. एका न भरलेल्या फॉर्मपायी अख्ख्या संघाचं वर्ष वाया गेलेलं ग्राउंडवर अधूनमधून ऐकायला मिळतं.

दुसरी शिडी संघटनेची : जिल्हा संघटना, राज्य संघटना आणि वर भारतीय बास्केटबॉल महासंघ. इथे सब-ज्युनियर, यूथ (१६ वर्षांखालील), ज्युनियर (१८ वर्षांखालील) आणि सीनियर असे गट असतात. इथे शाळेचा संबंध नसतो. क्लब किंवा जिल्ह्याकडून खेळायचं, जिल्ह्याच्या संघातून राज्य स्पर्धा, तिथून राज्याच्या कॅम्पला बोलावणं आणि शेवटी बारा जणांत नाव. भारताच्या वयोगटातल्या संघांसाठी निवड करणारे लोक ही शिडी पाहतात. म्हणून मुलाची शाळा कमकुवत असली, पहिल्याच फेरीत हरत असली, तरी खचू नका. चांगला खेळाडू क्लबमधून वर येतो.

या दोन्हींच्या जोडीला खेलो इंडिया युवा स्पर्धा आहेतच. शिवाय माटुंग्याच्या डॉन बॉस्कोतल्या सॅव्हिओ कपसारख्या निमंत्रित स्पर्धाही सोडू नका. तिथे प्रमाणपत्राचं वजन कमी असेल, पण समोर कोण कसं खेळतं ते कळतं.

वयोगटाची कट-ऑफ तारीख स्पर्धेगणिक बदलते. मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका, दर वर्षीचं परिपत्रक वाचा.

फाइल

एक जाड फाइल घ्या. त्यात जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाइड, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र ठेवा. सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकसारखं हवं. एका कागदावर वडिलांचं नाव मध्ये आणि दुसऱ्यावर गायब, एवढ्यानेही पुढे पडताळणी अडते. जन्मदाखला जन्मानंतर लगेच नोंदवलेला असेल तर उत्तम. खूप उशिरा काढलेल्या दाखल्यावर शंका घेतली जाते, आणि काही स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वयही तपासतात. वय चोरण्याचा सल्ला देणारे महाभाग प्रत्येक जिल्ह्यात असतात. त्यांच्यापासून लांब राहा, कारण बंदी येते तेव्हा ती मुलावर येते.

या फाइलचे उपयोग तीन ठिकाणी. दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडा गुण : प्रस्ताव शाळेमार्फत, मुदतीत. महाविद्यालयात खेळाडू म्हणून प्रवेश. आणि पुढे राज्य शासनाच्या नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण. त्यासाठी प्रमाणपत्र क्रीडा खात्याकडून पडताळून घ्यावं लागतं आणि कोणती स्पर्धा ग्राह्य, कितवा क्रमांक ग्राह्य हे शासन निर्णयात ठरलेलं असतं. कुठल्याशा ‘नॅशनल’ नावाच्या स्पर्धेत पैसे भरून खेळण्याआधी तिला मान्यता आहे का ते जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारा. मान्यता नसलेल्या स्पर्धेतलं सुवर्णपदक घरच्या शोकेससाठीच उरतं.

ट्रायलचा दिवस

दीड-दोनशे मुलं, चार निवडकर्ते, ऊन. प्रत्येक मुलाकडे नीट बघायला कुणालाच वेळ नसतो. अशा गर्दीत लांबून थ्री मारत सुटणारे पंधरा जण असतात आणि त्यातले बारा चुकतात. निवडकर्त्याच्या नजरेत भरतो तो वेगळाच : चेंडू गेला की सर्वात आधी मागे पळणारा, डिफेन्समध्ये मोठ्याने बोलणारा, रिबाउंडला (हुकलेला शॉट परत येताना) समोरच्याला पाठीवर घेऊन अडवणारा, मोकळ्या खेळाडूला पास देणारा. शॉट मारायचा तो दहापैकी सात-आठ पडतात अशा जागेवरूनच. आदल्या दिवशी नवे बूट घालू नका. एक फिकट आणि एक गडद जर्सी बरोबर ठेवा. पालकांनी जाळीबाहेर थांबावं आणि बाहेरून सूचना देऊ नयेत, हे तर सांगायलाही नको, पण सांगावं लागतं.

नाव आलं नाही तर सरांना मुलानेच विचारायचं, ‘सर, कशात कमी पडलो?’ आई-बाबांनी विचारलं की त्याचा वाद होतो. मुलाने विचारलं की उत्तर मिळतं.

गुडघे, घोटे आणि डबे

आपली बहुतेक कोर्टं सिमेंटची आहेत. अकरा ते पंधरा या वयात, उंची झपाट्याने वाढत असताना, गुडघ्याच्या वाटीखाली हाडाशी दुखणं ही फार नेहमीची तक्रार. उड्यांचा भार काही दिवस कमी करायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं, स्प्रे मारून खेळत राहायचं नाही. मुलींमध्ये गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त आहे. उडी मारून उतरताना गुडघे आत वळू न देणं, एका पायावर तोल सांभाळणं, मांडीमागच्या स्नायूंची ताकद वाढवणं हे वॉर्म-अपमध्ये रोज दहा-पंधरा मिनिटं करून घेणारे सर भेटले तर त्यांना सोडू नका.

‘सप्लिमेंट’ या प्रकाराकडे मी पुढे एका खऱ्या खेळाडूच्या गोष्टीतून येतो.

दहावी-बारावी : सतनामकडून काय घ्यायचं

पंजाबमधल्या बरनाला जिल्ह्यातल्या बल्लो के या गावच्या शेतकरी घरात सतनाम सिंग भामराचा जन्म झाला, १९९५ साली. उंची पाहून त्याला लुधियाना बास्केटबॉल अकादमीत घातलं, तिथे प्रशिक्षक एस. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली तो घडला. २०१० मध्ये, चौदाव्या वर्षी, त्याला अमेरिकेत फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीची शिष्यवृत्ती मिळाली. गेला तेव्हा इंग्रजी जवळपास येत नव्हतं. पाच वर्षांनी, २०१५ च्या ड्राफ्टमध्ये, डॅलस मॅव्हरिक्सने ५२ व्या क्रमांकावर त्याचं नाव पुकारलं. एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. ७ फूट २ इंच.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. नवख्यांनी वाचायची ती पुढची.

अमेरिकेतल्या मुलांचा नेहमीचा रस्ता शाळेतून महाविद्यालयात, म्हणजे एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या स्पर्धांत, आणि तिथून ड्राफ्टला जातो. सतनामला तो मिळाला नाही, कारण महाविद्यालयीन खेळासाठी लागणारी अभ्यासाची पात्रता जमली नाही. रोज कडक सामने खेळण्याची, चुकण्याची, सुधारण्याची ती वर्षं गेली. टेक्सास लेजंड्स या डी-लीगमधल्या (एनबीएच्या खालच्या लीगमधल्या) संघात त्याला मिनिटं थोडीच मिळाली आणि एनबीएचा एकही नियमित सामना तो खेळला नाही. शिवाय खेळच बदलत होता. त्याच सुमारास एनबीए थ्री-पॉइंटच्या रेषेबाहेर सरकली आणि रिंगजवळ उभ्या राहणाऱ्या, बाहेर धावत येऊन गार्डला अडवू न शकणाऱ्या उंच खेळाडूला, म्हणजे सेंटरला, जागा उरेना. पुढे तो कॅनडाच्या लीगमध्येही खेळला. २०१९ च्या अखेरीस कॅम्पमधल्या डोपिंग चाचणीत हिजेनामाइन हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं आणि नाडाने (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने) दोन वर्षांची बंदी घातली. त्यानंतर तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला.

त्याची चूक काढण्याचा हेतू नाही. अशा गावातून त्या मंचापर्यंत पोचणं हेच डोंगराएवढं आहे. पण या प्रवासात आपल्या घरातल्या मुलासाठी तीन सूचना सरळ दिसतात.

एक, पुस्तक सोडायचं नाही. अमेरिकेत महाविद्यालयाकडून खेळायचं तर नववी ते बारावीचे इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र असे ठरावीक विषय आणि त्यांतले गुण तपासले जातात. आठवी-नववीपासूनच ‘खेळाडू आहे, पास झाला तरी पुरे’ म्हणणारं घर ती वाट आपल्या हाताने बंद करतं. उलट बंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठात, एनसीएएच्या वरच्या विभागात खेळली. कविता अकुला आधी दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजात गेली आणि तिथून ग्रँड कॅन्यन विद्यापीठात. हा ज्युनियर कॉलेजचा जिना आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे, तो लक्षात ठेवा.

दोन, उंच मुलालाही बाहेरून शूट करायला आणि पायांवर सरकायला शिकवा. वर सांगितलं तेच, पण आता कारणासकट.

तीन, डबा. हिजेनामाइन हे काही वनस्पतींमध्ये असतं आणि ताकद वाढवणाऱ्या, चरबी कमी करणाऱ्या उत्पादनांत सापडतं. उत्तेजकविरोधी नियम असा आहे की शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, मग ते त्याने जाणून घेतलं असो वा नसो. जिममधल्या दादाने दिलेली पावडर, काढा, ‘आयुर्वेदिकच आहे’ म्हणून आणलेली गोळी, सगळ्याला हाच नियम. औषध घ्यायचं असेल तर नाडाच्या ‘नो युवर मेडिसिन’ ॲपवर घटक तपासा आणि डॉक्टरांना सांगा की मुलगा राष्ट्रीय पातळीवर खेळतो.

परदेशी प्रशिक्षकांना पाठवायचा व्हिडिओही याच वयात तयार करायला लागतो. तीन-चार मिनिटांचे निवडक क्षण आणि सोबत न कापलेला एक-दोन पूर्ण सामना. निवडक क्षणांत सगळेच जॉर्डन दिसतात. प्रशिक्षक पूर्ण सामना बघून ठरवतो.

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना एक गोष्ट उशिरा कळते : मूल अमेरिकन पासपोर्टवर असेल आणि हातात ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांना मिळणारं) असेल, तर ते भारताकडून खेळू शकत नाही. भारतीय संघासाठी भारतीय नागरिकत्व लागतं. न्यू जर्सीतल्या कोर्टावर स्वप्नं रंगवण्याआधी हे घरात बोलून घ्या.

बारावीनंतर इथेच

बाहेर जाणं जमलं नाही तर विद्यापीठाचा संघ हे पुढचं ठिकाण. आंतरमहाविद्यालयीन, मग विभागीय आंतरविद्यापीठ, मग अखिल भारतीय. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा २०२० पासून आहेत. महाविद्यालय निवडताना त्याच्या संघापेक्षा विद्यापीठाचा संघ कसा आहे ते पाहा, कारण नोकरीच्या जाहिरातीत आंतरविद्यापीठ स्पर्धेतला क्रमांक विचारतात.

रेल्वे आणि इतर विभागांच्या खेळाडू भरतीच्या जाहिराती वर्तमानपत्रात आणि संकेतस्थळांवर येतात. पात्रता, कागद, मग मैदानावर चाचणी. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार राहिली आणि रेल्वेकडून खेळली, हे मुलींच्या पालकांना मुद्दाम सांगतो. रेल्वेसारख्या विभागाच्या संघात गेलं की रोजचा सराव, देशभरच्या स्पर्धा आणि पगार हे तिन्ही एकत्र मिळतं. लीगला अजून ते जमलेलं नाही.

लीगचा इतिहास असा की २०१५ मध्ये यूबीए नावाची लीग सुरू झाली, ‘पुणे पेशवाज’ आणि ‘मुंबई चॅलेंजर्स’ असे संघ होते, २०१७ नंतर ती थांबली. २०२२ मध्ये महासंघाची स्वतःची इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग आली, त्यात मुंबई टायटन्स आहे. लीगमधून पैसे आणि नाव मिळतं, चांगल्या परदेशी खेळाडूसमोर उभं राहायला मिळतं. खेळा, जरूर खेळा. घराचा हप्ता मात्र तिच्या भरवशावर ठरवू नका.

तीन-तीन खेळाडूंचा थ्री-बाय-थ्री प्रकारही शिकून ठेवा. अर्धं कोर्ट, १० मिनिटं किंवा २१ गुण, १२ सेकंदांचा शॉट क्लॉक (तेवढ्या वेळात शॉट मारायचाच). टोकियोपासून तो ऑलिंपिकमध्ये आहे. चार जणांचा (तीन मैदानात, एक राखीव) संघ बांधायला बारा जणांच्या संघाएवढी यंत्रणा लागत नाही, म्हणून लहान गावच्या पोरांना इथे संधी जास्त.

करार हातात आला तर

गुरदासपूरकडचा प्रिन्सपाल सिंग लुधियानाहून ग्रेटर नोएडातल्या एनबीए अकादमीत गेला, तिथून ऑस्ट्रेलियातल्या जागतिक अकादमीत आणि २०२० मध्ये जी लीगच्या (डी-लीगचंच नंतरचं नाव) इग्नाइट या संघात. २०२१ ची एनबीएची समर लीग (उन्हाळी स्पर्धा) जिंकणाऱ्या सॅक्रामेंटो किंग्जच्या संघात तो होता. ही वाट सरळ दिसते, पण तिच्या प्रत्येक टप्प्यावर कागद असतात.

एका देशातून दुसऱ्या देशात खेळायला जाताना आपल्या महासंघाकडून लेटर ऑफ क्लिअरन्स (ना-हरकत पत्र) लागतं, त्याशिवाय नवा क्लब तुम्हाला मैदानात उतरवू शकत नाही. अठरा वर्षांखालच्या खेळाडूंच्या अशा बदलावर फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, कडक निर्बंध आहेत. ‘पुढच्या महिन्यात युरोपला पाठवतो’ म्हणणाऱ्याला आधी हाच प्रश्न विचारा. एजंट असेल तर त्याच्याकडे फिबाचा परवाना आहे का ते फिबाच्या यादीत नाव शोधून पाहा. परवानाधारक एजंट मुलाकडून आधी ‘नोंदणी शुल्क’ मागत बसत नाही.

करारात पगाराचा आकडा सगळे वाचतात. त्याखालचं वाचा : पैसे कोणत्या तारखांना, कोणत्या चलनात, कर कोण भरणार, राहण्याची सोय, परतीचं तिकीट. दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कुणाचा आणि त्या काळात पगार चालू की बंद. हंगामाच्या मध्येच क्लबने काढून टाकलं तर किती मिळणार. आणि वाद झाला तर तो जिनिव्हातल्या बास्केटबॉल लवादाकडे, म्हणजे बीएटीकडे नेता येईल असं कलम आहे का. ते कलम नसेल तर थकलेल्या पगारासाठी परक्या देशाच्या कोर्टात जावं लागतं. क्लब ते घालायला नाही म्हणत असेल तर सही करू नका, आणि तोंडी आश्वासनावर विमानात बसू नका.